अकरा दहाची नोंद

हॉस्पिटलच्या डेटाबेसमधून ॲलर्जीचा रकानाच गायब झाला होता, आणि वॉर्डातल्या स्क्रीनवर प्रत्येक पेशंटच्या नावापुढे 'ॲलर्जी: नाही' एवढंच दिसत होतं.

"कुणाचे हे प्रताप? सापडू दे, चांगली हजेरी घेतो," म्हणत डेटाबेस सांभाळणाऱ्या साहेबांनी लॉग वाचायचं टूल लावलं. कुणी, कधी, काय बदललं, ते सगळं लॉगमध्ये असतं. तिथे कुणाची थाप चालत नाही.

टूलने एकच ओळ काढून दिली. सकाळी अकरा दहा, लॉगिन खुद्द साहेबांचं. टेस्टच्या आणि खऱ्या डेटाबेसची, दोन्ही विंडो शेजारीशेजारी उघडून काम करायची त्यांची जुनी सवय. रकाना पुसायची कमांड देताना एंटर भलत्याच विंडोत दाबलं गेलं होतं.

"बोलू नका कुठे. दहा मिनिटांत रकाना जागेवर आणतो," ते शेजारच्या टेबलावरच्या बाईंना कुजबुजले. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावर ॲडमिट असलेल्या त्यांच्या आईजवळ बसलेल्या बायकोचा फोन आला.



"अहो, सिस्टर विचारत होत्या, आईंना कसली ॲलर्जी आहे का. मी म्हटलं, आमच्या ह्यांनी स्वतः कॉम्प्युटरमध्ये भरलंय, त्यातच बघा. इंजेक्शन झालं, आणि आता इतक्या गाढ झोपल्यात, हाका मारल्या तरी उठत नाहीत."