पाय पसरायला जागा

विमानतळावर अच्युतराव व्हीलचेअरमध्ये बसून ऐटीत सगळ्या रांगेच्या पुढे निघाले. गुडघ्यांना काडीचंही काही झालेलं नव्हतं; रांगेत उभं राहायचा तेवढा कंटाळा होता. मागून त्यांच्या पत्नी, कुमुदताई, लाडू-चकल्यांच्या डब्यांनी जड झालेली बॅग ओढत, धापा टाकत येत होत्या.

विमानात अच्युतरावांनी आधीच हेरून ठेवलेली सीट होती. संकटकाळी उघडायच्या दरवाजाशेजारची, ऐसपैस पाय पसरता येतील अशी. बायकोला मात्र शेवटच्या रांगेतली, दोघांच्या मधली.

चपला काढून ते पाय लांब करतात न करतात, तोच हवाईसुंदरी आली. "काका, तुम्ही व्हीलचेअरवरून आलात ना? मग इथे नाही बसता येणार. वेळ आलीच तर हा दरवाजा कोण उघडणार?"

"अहो, मी चांगला धडधाकट आहे!" अच्युतराव ताडकन उठले आणि सगळ्यांदेखत त्यांनी दणादण बैठका मारल्या. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या.

"मग नागपूरला उतरल्यावर व्हीलचेअर नको ना?" ती हसून म्हणाली.

"मुळीच नको!" म्हणत त्यांनी पाय पसरले, ते थेट नागपूरलाच आवरले.

खाली उतरून ते बायकोची वाट बघत राहिले. सगळं विमान रिकामं झालं, तेव्हा कुठे कुमुदताई आल्या. व्हीलचेअरमध्ये बसून, मांडीवर बॅग घेऊन.

"तुमची वाया जात होती, मी मागून घेतली," त्या म्हणाल्या. "ही बॅग तेवढी धरा. धडधाकट आहात, सगळ्या विमानाने पाहिलंय."