माहेरचा मका

शांताक्कानं चुन्याचं पाणी भीमाशंकरच्या हातांवर सोडलं आणि कोपरापासून बोटांपर्यंत चोळलं. खालच्या परातीत पाणी पिवळं उतरलं.

"कावीळ उतराय लागली बघ, कोंडाबाई. अजून दोन रविवार येते. तेल बंद, हळद बंद. नुसत्या कण्या दे."

"मक्याच्या देतेच की, अक्का. आठ दिस झालं, दुसरं काय न्हाय त्याच्या पोटात."

सून अनसूयानं ताटली आणली. एका घासावरच भीमाशंकरनं तोंड फिरवलं. "आई, कडू लागतंय."

"कावीळवाल्याला साखर बी कडूच," शांताक्का म्हणाली. "खा गुमान. सासरवाडीचं जेवण न्हाय हे."

कोंडाबाई हसली नाही. दिवाळीच्या पावसात शेतातली कणसं सालीतच भिजली, दाण्यांवर हिरवी बुरशी चढली. भीमाशंकरनं ती उकिरड्यावर ओतली. जनावरालाही घालू नको, म्हणाला. पण उकिरड्यावर अन्न पडलेलं तिला बघवेना. तो बाजाराला गेला तेव्हा तिनं कणसं पाटीत भरून आणली, दाणे काढले, ऊन पाण्यात तीनदा धुतले, वाळवले, फडक्यानं पुसले. दाणा पिवळाधमक निघाला. भावानं धाडलाय, तिनं घरात सांगितलं. महिनाभर सगळं घर त्याच भाकरीवर होतं. भीमाशंकरचा घास सगळ्यांत मोठा.

शांताक्का आणि कोंडाबाई परात घेऊन बाहेर आल्या. भिंतीच्या कडेला मोत्या पडला होता. त्याच्यापुढं सकाळच्या उष्ट्या कण्या तशाच होत्या, वर माश्या.

"ह्याला काय झालं?"

"रोज भीमाचं उष्टं ह्यालाच घालते. दोन दिस झालं, तोंड लावीना."

शांताक्का वाकली. अंगठ्यानं तिनं कुत्र्याची पापणी वर केली आणि तशीच थांबली. मग परातीतल्या पाण्याकडं बघितलं.

"इतकी वर्सं कावीळ उतरवते म्या. कुत्र्याला झालेली कधी बघितली न्हाय. कुठला मका हाय गं हा?"

कोंडाबाईनं पदर तोंडाशी नेला.

आतून अनसूयाचा आवाज आला. कितीतरी दिवसांनी मोकळा.

"आत्याबाई, खाल्लं बघा सगळं. मामांनी पाठवलेला मका हाय, टाकू नगा म्हणलं, तवा खाल्लं. आणखी वाढू?"