लेकीची वाट

१९५५ सालची गोष्ट. रत्नागिरीत ख्रिस्ती नन्सच्या छोट्याशा दवाखान्यात खतिजाबी शेवटच्या घटका मोजत होती. तिची एकुलती एक लेक आसिया तिकडे मंडणगडला सासरी होती. तिचे बाळंतपणाचे दिवस भरत आले होते, त्यामुळे तिला येता येईना. महिनाभर म्हातारीचं सगळं सिस्टर फिलोमिनांनीच केलं.

त्या दुपारी खतिजाबीने चाचपडत त्यांचा हात धरला.

"आसिया, आलीस गो?"

सिस्टर तिच्याजवळ वाकल्या. मग हळूच म्हणाल्या, "होय आई, आले."

म्हातारीने समाधानाने डोळे मिटले.



कॉन्व्हेंटच्या नियमाने सिस्टरना घरी जायची परवानगी नव्हती; त्यांची स्वतःची आई गेल्याच आठवड्यात वसईला त्यांची वाट बघतच वारली होती.