काचेबाहेरचा बाक

"राणी, तुझ्या मिस्टरांनाही आत बोलवूया की," योगवर्गाच्या ताई म्हणाल्या.

राणी नको म्हणेपर्यंत ताई काचेचं दार ढकलून बाहेर गेल्यासुद्धा. बाहेरच्या बाकावर नवरा बसला होता. मांडीवर तिची पर्स, पर्समध्ये तिचा फोन. चारचौघांत तो तिला 'राणी' म्हणायचा, म्हणून वर्गातही तिचं तेच नाव पडलं होतं. "नशीब काढलंस गं," बायका म्हणायच्या, "आमचे तर कोपऱ्यापर्यंत सोडायला येत नाहीत." हा सोडायला यायचा, थांबायचा आणि तासभर काचेतून डोळ्यांत तेल घालून बघत बसायचा. घरी तो कामावर निघाला की दाराला बाहेरून कुलूप. आईचा फोन आला तर तो स्पीकरवर. डॉक्टरांनी पाठीसाठी योगासनं सांगितली म्हणून हा एक तास मिळाला होता. काचेपलीकडे आवाज जात नसे, एवढीच काय ती तिची चैन.

त्या चैनीचा फायदा तिनं एकदाच घेतला होता. ताई तिचे खांदे सरळ करायला वाकल्या तेव्हा ती ओठ न हलवता पुटपुटली होती, "ताई, मला त्या घरात परत नाही जायचं. काहीतरी करा ना."

ताईंनी खांदे दाबले आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "श्वास सोडा."

बस्स, एवढंच. आणि आज हे.

नवरा हसतहसत आत आला. "मी कसला वाकतोय मॅडम! हिलाच वाकवा तुम्ही."

सगळ्या बायका खळखळून हसल्या. राणीही हसली. हसली नाही तर घरी विचारणा व्हायची.

दुसऱ्या दिवसापासून तो पहिल्या रांगेत, ताईंच्या अगदी समोर. राणीची जागा मागच्या कोपऱ्यात, कोठीच्या दाराशी होती, ती ताईंनी बदलली नाही. पण समोर भिंतभर आरसा होता आणि आरशात त्याला ती पायाच्या नखापर्यंत दिसायची. काचेची भिंत गेली नि आरशाची आली. ताईंनी केसानं गळा कापला होता, तोही गोड बोलून.

गप्पांची त्याला भारी हौस. एकदा वर्ग सुटल्यावर त्यानं ताई आणि त्यांच्या हाताखालच्या दोघी, अशा तिन्ही शिक्षिकांना गाठलं. "तुम्ही या लाइनीत आलात कशा?"

"मी इथं शिकायला आले होते," ताई म्हणाल्या, "परत गेलेच नाही."

"माझंही तेच," धाकटी शिक्षिका म्हणाली. ती मागच्या गल्लीत गाडी लावून कोठीतूनच आत यायची.

तिसरी नुसतीच हसली. "आम्हा तिघींचं एकच."

"म्हणजे इथं चटकच लागते म्हणा की!"

"लागते खरी," ताई म्हणाल्या. "तुमच्या राणीलाही शिक्षिका करून टाकते. अंग छान लवचीक आहे तिचं."

त्याचा चेहरा बदलला. "घरचं कोण बघणार?"

"रोज दोघं मिळूनच याल. तुमच्या डोळ्यांसमोर शिकवेल ती. फक्त तिची कागदपत्रं लागतील, मूळची. आणि ती मी परत तुमच्याच हातात देईन हं, हिच्या नाही. ही वेंधळी आहे."

हे बोलणं त्याला फार आवडलं. राणी एकदा न सांगता माहेरी गेली होती, तेव्हापासून तिचे दाखले नि ओळखपत्र त्याच्या कपाटात कुलूपबंद होते. ते त्यानं स्वतः खाकी पाकिटात घालून आणले आणि ताईंच्या हाती दिले. राणी बघत राहिली. आता एकाचे दोन पहारेकरी झाले.

ताईंची शिस्तही वाढत चालली. बाहेरून चपला चोरीला जातात म्हणून त्या कोठीत ठेवायच्या. कोठीच्या दाराची बिजागरी कुरकुरते, शवासन मोडतं, म्हणून तिला तेल. शवासनात हा डोळे किलकिले करून आरशात बघतो, म्हणून सगळ्यांच्याच डोळ्यांवर सुती फडकी. "मी सांगेपर्यंत कुणी डोळे उघडायचे नाहीत," ताई बजावायच्या. पहिले काही दिवस तो चुळबुळला. मग घोरायला लागला, आणि बायकांना हसू दाबायला नवं कारण मिळालं.

एके दिवशी वर्गाला निघताना घराला कुलूप घालत तो म्हणाला, "आता काचेतून बघायचीही गरज नाही. तू काय करतेस ते मॅडमच सांगतील मला."

शवासनात राणीनं फडकं डोळ्यांवर घट्ट ओढलं आणि त्याखाली रडून घेतलं. आता हा तासही त्याचाच. ताईंचा संथ आवाज चालूच होता. पायांची बोटं सैल. गुडघे सैल. जे घट्ट धरलंय ते सोडून द्या. पुढून घोरणं सुरू झालं.

कुणीतरी तिचं पाऊल दाबलं.

तिनं फडकं काढलं. सगळ्या बायका उठून बसल्या होत्या. एकीच्याही डोळ्यांवर फडकं नव्हतं. साऱ्याजणी गुपचूप तिच्याकडेच बघत होत्या. कोठीचं दार सताड उघडं होतं. दारात धाकटी उभी होती, एका हातात राणीच्या चपला, दुसऱ्या हातात खाकी पाकीट. पलीकडे मागच्या गल्लीत गाडीचं दारही उघडंच होतं.

ताई नवऱ्याच्या उशाशी बसल्या होत्या. राणीकडे बघत, आवाज तसूभरही न बदलता त्या म्हणाल्या, "घाई नाही. मी सांगेपर्यंत डोळे उघडायचे नाहीत. आज जरा उशिराच सांगणार आहे."