दोन फटींचा पत्रा

"पुन्हा तोच डाग!" धाकटीने कपाळावर हात मारला. प्रयोगशाळेत ती सगळ्यांत लहान, म्हणून तिचं नावच धाकटी पडलेलं. स्क्रीनवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची रांग हवी होती. आला होता एक पसरट, फिकट डाग. आता बोला! सोमवारपासूनची ही चौथी खेप.

तिचा प्रयोग सांगायला सोपा, पटायला महाकठीण. दिव्याच्या साध्या, थरथरत्या प्रकाशाचे दोन झोत करायचे. एक झोत दोन बारीक फटींच्या पत्र्यातून जातो आणि मागच्या टाचणीएवढ्या डिटेक्टरवर पडतो. त्याला कळतो फक्त कमी-जास्त उजेड. दुसरा झोत सरळ कॅमेऱ्यात. त्याच्या वाटेत पत्रा नाही की भिंग नाही. दोघांच्या लाखभर नोंदी एकमेकींशी ताडून पाहिल्या, की त्या फटींचे पट्टे कॅमेऱ्याच्या चित्रात उमटायला हवेत. तीन वर्षं ती हेच सांगत होती आणि लोक हसत होते.

गणित चुकलं? तीनदा तपासलं. नोंदी मागेपुढे झाल्या? तेही नाही. मग घोडं अडलं तरी कुठे? एकच फट असती तर असा डाग पडला असता. पण फटी तर दोन होत्या! तिचं डोकंच चालेना.

"पुरे आता," सर दारातूनच म्हणाले. "चार वाजता टेबल दुसऱ्या गटाला द्यायचंय. तुझा विषय बदलू."

तीन वर्षं पाण्यात. तिला रडू फुटलं. सगळ्या नोंदी पुसून टाकायला तिने माउस हातात घेतला.

तेवढ्यात वर्कशॉपचे काका टेबल मोकळं करायला आले. "काय गं, रडतेस कशाला?"

"काका, फटी दोन आहेत, आणि हा शहाणा कॅमेरा म्हणतो एकच आहे!"

काकांच्या हातातला स्क्रूड्रायव्हर तसाच राहिला.

"अगं, सोमवारी पुसताना तो पत्रा माझ्या हातून पडला, वाकला. नवा कापला, पण दुसरी फट काही केल्या जमेना. तुझं काम अडायला नको म्हणून तसाच बसवला. म्हटलं, केसाएवढी ती फट, कुणाला कळतंय?"

ओरडावं की मिठी मारावी, धाकटीला सुचेना. मग तिने स्क्रीन त्यांच्याकडे वळवली.

"कॅमेऱ्याला कळलं, काका. आणि त्याने तर पत्रा पाहिलेलासुद्धा नाही."