पेट्रोलचा वास

अलकनंदाने जनरेटर बंद केला, टाकीखालचा कॉक फिरवला, तसा आतून यतीन ओरडला, "बंद कुणी केला?"

"मी. पेट्रोल गळतंय."

तो तरातरा मागच्या अंगणात आला. गाझियाबादेतल्या त्यांच्या गल्लीत सकाळपासून लाइट नव्हती. खिडकीच्या आत सासूबाईंचं ऑक्सिजनचं मशीन बंद पडल्याची शिट्टी वाजवत होतं.

"आईचा श्वास त्या मशीनवर चालतो, अक्कल आहे का तुला? चालू कर!"

"आधी पाइप बघ."

"वास, वास! कधीचं तेच ऐकतोय. टाकी भरताना सांडलं असेल, यार."

अलकनंदाचं डोकं सणकलं. मनगट धरून तिने त्याला खाली वाकवलं. कॉकपासून निघालेल्या रबरी नळीला क्लिपजवळ भेग पडली होती. नळीत उरलेलं पेट्रोल अजून ठिबकत होतं, तापलेल्या सायलेन्सरपासून जेमतेम वीतभर लांब.

"टेप गुंडाळतो," म्हणत त्याने कॉककडे हात नेला.

ती मधे उभी राहिली. "टेप पेट्रोलने सुटते. नवी नळी बसेपर्यंत हा चालू होणार नाही. भडकला तर आधी ही खिडकी पेटेल, आणि आत ऑक्सिजन आहे. तुझी आई आहे! समोरच्या गल्लीत लाइट आहे, वासंतीताईंकडे. उचल आईंना."

"तिला काही झालं ना, तर..."

"नंतर बोल मला काय बोलायचं ते. आत्ता उचल!"

यतीनने आईला दोन्ही हातांवर घेतलं. चाकांवरचं मशीन खडखडत ओढत अलकनंदा पुढे धावली. रस्ता ओलांडेपर्यंत सासूबाईंचे ओठ निळे पडले होते. खडखडाट ऐकून वासंतीताई दार उघडून उभ्याच होत्या. अलकनंदाने प्लग लावला, ऑक्सिजनची नळी सासूबाईंच्या नाकाशी बसवली. मशीन घरघरू लागलं. हळूहळू ओठांवर रंग परत आला.

मग यतीन बायकोकडे वळला. "तुझ्या त्या वासापायी आज..."

आईंनी हात वर केला. दम घेत, तुटक तुटक त्या म्हणाल्या, "वास मलाही येत होता. खिडकीतून. रोज."

"मग बोलली का नाहीस?"

त्यांनी आधी सुनेकडे पाहिलं, मग मुलाकडे.

"ती बोलली की तू कसा ओरडतोस, तेही खिडकीतून ऐकू यायचं."