खारकेएवढी बाटली

समाधीच्या खड्ड्यात बसवलेल्या आप्पांच्या मांडीवर काचेची बाटली ठेवून अमरनाथनं हात तिच्यावर तसाच धरला. लोकांना वाटलं, पोराला भरून आलं. जंगमस्वामींनी भस्म टाकलं, बेलाची पानं पडली, पाठोपाठ माती. अमरनाथला मात्र एकच धास्ती होती, ती बाटली कुणी निरखून पाहू नये.

घरातून निघतानाच आईनं, शांतादेवींनी, ती त्याच्या हातात दिली होती. "तूच ठेव, अमर. त्यांची तेवडीच इच्छा हुती."

"दुसरं कुणी ठेवलं तरी चालंल की, आई."

"न्हाई. तुज्याच हातानं."

बाटली खारकेएवढी, आणि दिसायलाही खारीकच. तपकिरी, सुरकुतलेली. गुरुपादआप्पांच्या पणजोबांना ती नांगरताना सापडलेली. लिंगपूजा झाली की आप्पा तिच्यातलं अत्तर बोटाला लावत. दिंद्रुडच्या त्यांच्या किराणा दुकानात एकदा शहरातल्या संग्रहालयाच्या प्रणिता मॅडम पाणी घ्यायला थांबल्या, आप्पांच्या हातातली ही बाटली त्यांनी पाहिली आणि त्या निघायचंच विसरल्या. दोन हजार वर्षांपूर्वीची रोमन काच आहे, म्हणाल्या. जोडसाच्यात, म्हणजे दोन अर्ध्या साच्यांत, फुंकलेली, सांध्याची रेघ दोन्ही अंगांना दिसतेय बघा. तिकडे खजुराच्या आकाराच्या अशा बाटल्यांत सुगंधी तेल ठेवत. व्यापाऱ्यांबरोबर इकडे आली असेल.

"संग्रहालयाला द्या, आप्पा. तुमच्या घराण्याच्या नावाची पाटी लावू."

आप्पा हसले. "मातीतनं आलती, माज्यासंगं मातीतच जाईल."

अमरनाथच्या डोक्यात मात्र ती पाटी जाऊन बसली. पैशाचा लोभ त्याला नव्हता, नावाचा होता, आणि तो काही कमी वाईट नसतो. आप्पांनी अंथरूण धरल्यावर त्यानं प्लॅस्टरमध्ये बाटलीचा ठसा घेतला आणि प्रयोगशाळांची काचभांडी करणाऱ्या शहरातल्या एका कारागिराकडून त्याच साच्यात दुसरी फुंकून आणली. रंग तोच, सुरकुत्या त्याच, सांध्याची रेघसुद्धा. वाळूत घोळवून तिला म्हातारी केली, आत अत्तर ओतलं. नकली देवघरात गेली. खरी त्याच्या कपाटात, स्वेटरखाली.

खाई त्याला खवखवे, म्हणतात ते खोटं नाही. भेटायला येणारा प्रत्येक जण पाठीवर हात ठेवून म्हणायचा, "लेक असावा तर असा. बापाचा शब्द राखला." शांतादेवीही ज्याला त्याला सांगायच्या, "अमरनं सोताच्या हातानं ठेवली." अमरनाथला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. ताटातला घास ताटातच राहायचा.

बाटली देतो, असं त्यानं प्रणिता मॅडमना आधीच कळवून ठेवलं होतं. पाटीवरचा मजकूर विचारायला त्यांचा फोन आला.

"मॅडम, बाटली नाही देता येणार," तो म्हणाला. "ती आप्पांबरोबर गेली." आणखी एक खोटं पदरात पडलं.

पण त्या खोट्यानंच त्याला वाट दाखवली. त्यानं कपाटातून बाटली काढली, खुरपं घेतलं आणि तडक आप्पांच्या समाधीवर गेला. तिथं शांतादेवी फुलं वाहत बसल्या होत्या.

"आई, मी आप्पांला फसवलं," तो मटकन खाली बसला. "त्यांच्यासंगं नकली दिली. खरी ही बघ. पाटीवर नाव पायजे हुतं मला. आता हितंच पुरतो, त्यांच्याजवळ. मला माफ कर."

तो लहान पोरासारखा हमसून रडला. शांतादेवींनी बाटली घेतली, उन्हात धरून इकडून तिकडून पाहिली आणि त्याच्या शर्टाच्या खिशात ठेवून दिली.

"उकरू नको," त्या म्हणाल्या. "आप्पांला लई हीव भरलं हुतं, तवा तुजा सुटर काढायला कपाटात गेलते मी."

अमरनाथनं मान वर केली.

"लगीन झाल्यापासून ती बाटली रोज मीच धुतलीय, अमर. दोन्हींची जागा तवाच बदलली. त्यांच्या मांडीवर तू ठेवलीस ती खरीच हाय."